पेन्शन नसलेल्या पिढीचं गणित

होस्टेलवर गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सोलापूरकडची टेंभुर्णी का रे?" नाही बाबांनो, आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. 'रिटायरमेंट' या विषयावर विशीतल्या पोराने लिहावं हे काहींना हास्यास्पद वाटेल. पण याचा धडा मला आमच्या घरातच मिळाला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे चुलते अण्णा आणि माझे बाबा, दोघंही शिक्षक. अण्णा १९९० साली नोकरीला लागले, बाबा २००६ साली. काम तेच, खडू-फळा तोच. पण दोघांच्या मध्ये एक तारीख उभी राहिली, १ नोव्हेंबर २००५. त्या दिवसापासून लागणाऱ्यांना राज्य सरकारने जुनी पेन्शन बंद केली. अण्णांना आज शेवटच्या पगाराच्या निम्म्या हिशेबाने पेन्शन मिळते, वर महागाई भत्ता. बाबांच्या वाट्याला मात्र अंशदान योजना आली. दरमहा पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने आपली भर घालायची आणि शेवटी जे साठेल त्यावर पेन्शन. मार्च २०२३ च्या संपात बाबाही 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत बसले होते. २०२४ साली निम्म्या पगाराइतक्या पेन्शनचा पर्याय सरकारने जाहीर केला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

तिसरा माणूस म्हणजे दादा, अण्णांचा मुलगा. आपल्यासारखाच इंजिनिअर. नऊ वर्षांत तीन कंपन्या केल्या आणि दर वेळी नोकरी सोडली की पीएफ काढला. एकदा मोटारसायकल, एकदा बहिणीच्या लग्नातला खर्च. गेल्या दिवाळीत अण्णा ओट्यावर बसून त्याला म्हणाले, "माझी पेन्शन सरकारनं सांभाळली. तुझी कोण सांभाळणार?" दादा गप्प. मीही गप्प, कारण हा प्रश्न मलाही होता.

आता जरा हिशेब पाहू. खाजगी नोकरीत पीएफसाठी आपल्या पगारातून १२ टक्के कापले जातात आणि कंपनीही १२ टक्के भरते. पण कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात. त्यासाठी धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ साली १५,००० रुपये ठरली. पेन्शनचं सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. म्हणजे १५,००० रुपयांवर ३५ वर्षे नोकरी केली तर ७,५०० रुपये महिना. वीस वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षे जादा धरतात, तरी आकडा आठ हजारांच्या आतच राहतो. त्यातही किमान १० वर्षांची सेवा लागते. दादाने दर वेळी पैसे काढले, त्यामुळे त्याची मोजणी दर वेळी शून्यापासून सुरू झाली.

म्हणजे खरा आधार आपण साठवू तोच. इथे चक्रवाढीचं गणित कामाला येतं. वार्षिक ८ टक्के परतावा धरा आणि महिन्याला २,००० रुपये टाका. बाविसाव्या वर्षी सुरुवात केली तर ५८ व्या वर्षी सुमारे ५० लाख होतात. बत्तिसाव्या वर्षी केली तर सुमारे २१ लाख. दहा वर्षांत आपण जादा भरले फक्त २ लाख ४० हजार, फरक पडला २९ लाखांचा!

पण हुरळून जाऊ नका. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, ३६ वर्षांत आठपट. आज १०,००० रुपयांत भागणारं घर तेव्हा ८०,००० मागेल. म्हणून दर पगारवाढीला बचतही वाढवायची. तेच २,००० शेवटपर्यंत टाकत राहिलात तर भागणार नाही.

मग करायचं काय? मला समजलं ते सांगतो.

पहिलं, कॅम्पसला नुसतं पॅकेज ऐकून नाचू नका, बेसिक किती ते विचारा. पीएफ त्यावर ठरतो. कंपनीचा वाटाही बहुधा पॅकेजमध्येच मोजलेला असतो.

दुसरं, नोकरी बदलताना पीएफ काढू नका, यूएएन नंबरवर नव्या खात्यात वळवून घ्या. पाच वर्षांच्या आत काढलात तर करही लागू शकतो.

तिसरं, अटल पेन्शन योजना. वय १८ ते ४०. साठीनंतर महिना ५,००० रुपयांसाठी विसाव्या वर्षी २४८ रुपये हप्ता, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिसाव्या वर्षी १,४५४. ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला हे खातं उघडता येत नाही, म्हणजे विद्यार्थिदशा हीच योग्य वेळ! तेवढ्यावर म्हातारपण निघणार नाही, पण सवय लागेल.

चौथं, गावच्या पोस्टात पीपीएफ. वर्षाला किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षे. लवकर काढता येत नाही, हाच त्याचा गुण.

आणि हो, हे गणित घरीही सांगा. आमच्या गावात कपाशी पिकवणाऱ्याला कुठला पीएफ आणि कुठली ग्रॅच्युइटी? त्याची पेन्शन म्हणजे आपण, इथे मेसमध्ये डाळीला नावं ठेवणारी पोरं. आपल्या पहिल्या पगारात त्यांचा वाटा असणारच, असायलाच हवा. पण आपल्या पोरांवर तीच वेळ येऊ नये, एवढी तजवीज तरी आपल्या हातात आहे.

दादाने या वेळी कंपनी बदलली तेव्हा पीएफ काढला नाही, वळवून घेतला. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बरं केलंस." आमच्या अण्णांकडून ही फार मोठी शाबासकी आहे.