सेवाग्रामचे चित्रकला-शिक्षक

लहान गावातील शाळेत चित्रकलेचे मास्तर बहुधा एकच असतात. स्नेहसंमेलनाचा पडदा रंगविणे, दर्शनी फळ्यावर सुविचार लिहिणे, क्रीडास्पर्धांपूर्वी मैदानावर फक्कीच्या रेघा मारणे आणि प्रसंगी खो-खोच्या संघाबरोबर तालुक्याला जाणे, ही सारी कामे त्यांच्याकडे आपसूक येतात. परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला दिला जातो आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही. मात्र वीस-तीस वर्षांनी माजी विद्यार्थी एकत्र जमले की आठवण निघते ती या मास्तरांची. असे का व्हावे, याचा विचार करताना वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे 1944 ते 1962 या काळात मुलांना कला शिकविणाऱ्या देवीप्रसाद यांचे जीवन उद्बोधक ठरते.

देवीप्रसाद यांचा जन्म 1921 सालचा, डेहराडूनचा. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्यासारख्या गुरूपाशी त्यांचे शिक्षण झाले. अशा शिष्याला मोठ्या शहरात नावलौकिक मिळविणे अवघड नव्हते. त्यांनी मात्र हिंदुस्थानी तालिमी संघाची शाळा निवडली. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या ‘नयी तालीम’चा प्रयोग आर्यनायकम् व आशादेवी यांच्या नेतृत्वाखाली तेथे चालू होता.

या प्रयोगात हस्तोद्योगाला मध्यवर्ती स्थान होते आणि शाळेचा खर्च शक्यतो मुलांच्या श्रमातूनच निघावा, अशी अपेक्षा होती. कातलेले सूत मोजता येते, पिकविलेली भाजी तोलता येते. पण मुलाने काढलेल्या चित्राचे काय? उत्पादनाच्या हिशेबात त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? अर्थशास्त्राला आजही नीट न सुटलेला हा प्रश्न सेवाग्रामच्या कलाशिक्षकापुढे रोजच उभा राहत असणार.

देवीप्रसाद यांचे उत्तर स्पष्ट होते. कला हा शिक्षणाला वरून लावलेला अलंकार नव्हे, तो शिक्षणाचा पाया होय. 1998 साली नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे नावच पुरेसे बोलके आहे. मुलाच्या चित्राला प्रौढांची मोजपट्टी लावू नये, असा त्यांचा आग्रह असे. फळ्यावरच्या आंब्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलाचा हात वळणदार होतो खरा, पण त्याने झाडावरचा आंबा पाहिला की नाही, हे त्यावरून कळत नाही. जो पाहावयास शिकला, तो सूतही नीट कातील आणि शेजाऱ्याचे दुःखही ओळखील, ही या विचारामागील श्रद्धा होय.

म्हणूनच 1962 साली ते लंडनला जाऊन ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस झाले, यात व्यवसाय बदलल्यासारखे काही नव्हते. मुलांमधील सर्जनशक्ती दडपली गेली की तीच पुढे विध्वंसाकडे वळते, असे मानणाऱ्याला चित्रकलेचा वर्ग आणि शांततेची चळवळ ही एकाच कामाची दोन अंगे वाटावीत, हे स्वाभाविकच आहे. दहा वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. 1983 मध्ये भारतात परतल्यावर ते कुंभारकामात रमले. 2011 साली त्यांचे निधन झाले.

आता आजच्या व्यवस्थेकडे पाहावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी शिक्षक द्यावयाचे आणि तेही अंशकालीन! मूल मात्र अंशकालीन नसते. शंभरांहून कमी मुलांच्या खेड्यातील शाळेला हा हक्कही नाही. दुसरीकडे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेतील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने पालकांचा ओढा त्या परीक्षेकडे आहे. परीक्षा वाईट नाही, कित्येक मुलांच्या हाती ब्रश येतो तो तिच्यामुळेच. परंतु गुणांपुरतीच कला उरली, तर गुण मिळताच ती संपते.

पैसा नाही, हे यावर नेहमीचे उत्तर आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु टंचाईच्या काळात कशावर प्रथम काट मारली जाते, त्यावरून समाज कशाला मोल देतो ते कळते. सेवाग्रामची शाळा काही श्रीमंत नव्हती, तरीही तिने पूर्णवेळ कलाशिक्षक सांभाळला. पूर्णवेळ नेमणुका हे शासनाचे काम आहे आणि ती मागणी शिक्षक व पालक यांनी मिळून लावून धरली पाहिजे. तोवर एक गोष्ट मुख्याध्यापकांच्या हाती आहे, आणि तिला अनुदान लागत नाही : वेळापत्रकातील चित्रकलेचा तास गणिताला देऊ नये.