मुंबईत उतरायचे कुठे?

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. मुंबईला जायचे म्हणजे गिरगावात काकांकडे उतरायचे. आठ दिवस आधी एक पोस्टकार्ड टाकले की झाले. चाळीतल्या त्या दोन खोल्यांत मुळात सात माणसे. आम्ही पाच गेलो की बारा! रात्री गॅलरीत वळकट्या उलगडायच्या आणि ट्रामच्या गोष्टी ऐकत झोपी जायचे. आम्हाला पाहून काकूच्या कपाळाला आठी पडलेली कधी दिसली नाही. पडत असलीच पाहिजे. पण पाहुण्याला ती दिसू न देण्याची विद्या त्या पिढीच्या बायकांना साधली होती.

आता ती चाळ नाही. तिच्या जागी उंच मनोरा उभा आहे. चुलतभाऊ एक बोरिवलीला, एक डोंबिवलीला. पोस्टकार्ड टाकायचे तरी कोणत्या पत्त्यावर? म्हणून मग लॉज, हॉटेल, खोली. आणि इथेच आमच्यासारखा बाहेरगावचा माणूस फसतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला तपासणीसाठी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवायचे होते. जुलै महिना. सकाळी नऊची वेळ मिळाली होती. मी फोनवर बोटे फिरवून स्वस्तातली खोली शोधली. जाहिरातीत ‘मुंबई’ असे छापले होते आणि खाली ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’. कोणते स्टेशन, हे मी विचारले नाही. ते निघाले भाईंदर.

खोलीला नावे ठेवायला जागा नव्हती. चादरी स्वच्छ, पाणी गरम. पण सकाळी साडेसातला आईला घेऊन फलाटावर उभा राहिलो आणि माझे डोळे उघडले. विरारहून येणारी प्रत्येक गाडी दाराबाहेर लोंबकळणारी माणसे घेऊनच येत होती. तीन गाड्या सोडल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्या दारातून आत नेणे मला जमले नसते, आणि खरे सांगायचे तर एकट्यालाही जमले नसते. काही लोकल भाईंदरहूनच सुटतात, त्यांत बसायला जागा मिळते, हे एका भल्या गृहस्थाने सांगितले. पण तोवर पावसाने जोर धरला होता आणि आम्ही टॅक्सी केली होती. परळला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आमचा नंबर गेला. पुढचा चार दिवसांनी!

आई एवढेच म्हणाली, “आपण परत जाऊ या का कोल्हापूरला?”

तपासणीत पुढे काही वावगे निघाले नाही, देवाची कृपा. पण न निघालेल्या दुखण्याची धास्ती ते चार दिवस तिने उगीच वागवली, आणि तीही माझ्या चार पैशांच्या काटकसरीपायी. हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी मुंबईचा नकाशा समोर ठेवून विचार करायला शिकलो. हे शहर गोल नाही, लांबट आहे. चर्चगेटपासून विरारपर्यंत रेल्वेचे अंतर ६० किलोमीटर. कचेऱ्या दक्षिणेकडे पुष्कळ आणि घरे उत्तरेकडे. त्यामुळे सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे धावतो व संध्याकाळी तोच उलटा फिरतो. तेव्हा पाहुण्याने आपले काम जिथे असेल तिथे, किंवा त्याच्या दक्षिणेला उतरावे. फोर्टात उतरून सकाळी परळला या, गाडीत बसायला मिळेल. उपनगरातून त्याच परळला या, उभे राहायला मिळाले तरी नशीब. अर्थात काम अंधेरीला असेल तर फोर्टात राहण्याची हौस कशाला? रिक्षा पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला शीवच्या अलीकडे शहरात येत नाहीत, हेही खर्च मांडताना ध्यानात ठेवावे. त्यापुढे टॅक्सी, बस किंवा आपले पाय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पुरी झाली, त्याने हिशेब पुष्कळ बदलला. साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानके! विमानतळ, सिद्धिविनायक, दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, सारी एका दोरीत ओवलेली. जिने चढण्याऐवजी लिफ्ट मिळते, हे गुडघे दुखणाऱ्यांनी मुद्दाम लिहून ठेवावे.

लॉजात उतरणे कमीपणाचे, असे जुन्या माणसांना वाटते. त्यांना मी लोकमान्यांचा दाखला देतो. टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. यावर आई म्हणते, “त्यांना आत्या नसेल दादरला.” तो विषय पुढे येईलच.

आता ‘केव्हा’ जायचे ते. जून ते सप्टेंबर नाइलाज असेल तरच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसा रोज पडत नाही, हे कबूल. पण मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की हिंदमातासारख्या सखल भागांत आजही पाणी साचते. खवळलेल्या समुद्रात घारापुरीच्या बोटी बंद राहतात. ऑक्टोबरात घामाच्या धारा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मात्र नाताळ ते नववर्ष या आठवड्यात खोलीचे भाडे ऐकून हवा आणखीच थंड वाटू लागते! ६ डिसेंबरला महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दर्शनालाच जायचे असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्या दिवसांत दादरला आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर राहू नये. गणपतीत लालबाग-गिरगावात जवळ राहिलात तर पाहाल खूप, झोपाल थोडे.

वारही पाहावा. मुलांना राणीचा बाग दाखवायचा तर बुधवार नको. बुधवारी तो बंद, शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. घारापुरी सोमवारी बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा चार महिने आधी बेत ठरवण्याची ऐट आता चालत नाही.

एक बारीक गोष्ट, पण तीच सगळ्यांना नडते. आपण रात्रीच्या गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत. अंग आंबलेले, पोरे पेंगुळलेली, आणि हॉटेलवाला सांगतो, “खोली बारा वाजता.” पुष्कळ लॉजांत चोवीस तासांचा हिशेब असतो, सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. खोली ठरवताना हे फोनवर विचारावे. लिफ्ट आहे का, तेही विचारावे. छायाचित्रात जिना दिसत नाही.

रुग्णाला घेऊन जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या माणसांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अशा ठिकाणांची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी करावी, मग खोली शोधावी.

राहिली आत्या. भाईंदरचा प्रकार तिच्या कानावर गेला तेव्हा ती फोनवर कडाडली, “दादरला माझं घर असताना तू वहिनीला भाईंदरला नेलंस? मी मेले का रे?” संध्याकाळीच आम्ही सामानासकट तिच्या दारात. आत्या पंचाहत्तरीची, दोन खोल्या, मुलगा, सून आणि बारावीतली नात. चार दिवस त्यांनी आम्हाला काही कमी पडू दिले नाही. पण तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा ती पोर स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून अभ्यास करीत होती. बाहेरच्या खोलीत आमच्या गाद्या होत्या ना! मला पाहून हसली आणि म्हणाली, “काका, दिवा डोळ्यांवर येतोय का? मालवू?”

येत्या जानेवारीत आईला पुन्हा दाखवायचे आहे. या खेपेला दादरलाच, स्टेशनामागच्या गल्लीत, लिफ्ट असलेली, चोवीस तासांची खोली ठरवली आहे. आत्याला कळवायचे काम सौभाग्यवतींनी माझ्यावर ढकलले. “अहो, तुमची आत्या, तुम्हीच बोला.” धीर करून फोन केला. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग आत्या म्हणाली,

“झोपायला कुठंही जा. जेवायला किती जण ते सांग.”