दालीची अलिप्त नजर

साल्वादोर दाली म्हटलं, की वितळून फांदीवर लोंबणारं घड्याळ आठवतं. १९३१ सालचं 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' हे ते चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे आणि त्याची सारी ताकद काटेकोरपणात आहे. अशक्य गोष्टी दाली जुन्या युरोपीय चित्रकारांच्या सफाईने रंगवतो. तो स्वतः मात्र हळहळत नाही, कुणाची बाजूही घेत नाही. या कातालान चित्रकाराची चित्रं थोर, राजकारण लाजिरवाणं, अशी वाटणी करण्याची रीत आहे. जॉर्ज ऑर्वेलनेही १९४४ साली दालीच्या आत्मचरित्रावर लिहिताना हात उत्तम आणि माणूस किळसवाणा, ही दोन्ही सत्यं एकाच वेळी मानायला सांगितलं. मला ही वाटणी अपुरी वाटते. ज्या अलिप्त नजरेतून चित्रं उतरली, तिच्यातूनच त्याचं राजकारणही आलं.

सिनेमात हे लवकर लक्षात येतं. १९२९ साली लुईस बुन्युएलबरोबर केलेल्या 'अन शियां आंदालू' या मूकपटात वस्तऱ्याने चिरलेला डोळा आहे, तळहातातून निघणाऱ्या मुंग्या आहेत. तर्काने उलगडेल अशी एकही प्रतिमा ठेवायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी दोघांच्याच 'लाज दॉर' या चित्रपटाने चर्चवर आणि प्रतिष्ठितांवर घाव घातला. पॅरिसमध्ये उजव्या गटांनी पडद्यावर शाई फेकली, थिएटरात मांडलेली चित्रं फाडली, आणि चित्रपटावर बंदी आली. ती धार मुख्यतः बुन्युएलची होती. हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड'साठी (१९४५) दालीने रचलेलं स्वप्नदृश्य देखणं आहे, पण ते कुणालाही अस्वस्थ करत नाही. त्याला निर्मात्याची कात्री लागली हे खरं. डिस्नेबरोबरचं 'डेस्टिनो' अर्धवट राहून थेट २००३ साली पुरं झालं, हेही खरं. तरी जे पडद्यावर आलं त्यात सजावटच अधिक. ठाम मतांचा सोबती नसला, की दालीच्या प्रतिमा कुणाच्याही कामी येत. १९६७ साली त्याने एअर इंडियासाठी राखदाणी घडवली आणि मोबदल्यात हत्तीचं पिल्लू घेतलं.

राजकारणात या अलिप्ततेची किंमत इतरांनी मोजली. त्याने लेनिनचं विद्रूप चित्र काढलं, हिटलरच्या स्वप्नांबद्दल तो रंगून बोलू लागला. तेव्हा, १९३४ साली, दाली ज्यांच्यात होता त्या अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ याने गटाच्या बैठकीत त्याला जाब विचारला. स्वप्नावर सेन्सॉर नको हा तर तुमचाच नियम, हे दालीचं उत्तर होतं, आणि तेवढ्यापुरतं ते बिनतोड होतं. पण १९३६ साली स्वप्न संपलं. स्पेनमध्ये यादवी पेटली आणि दालीचा जिवलग मित्र, कवी लोर्का, पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी गोळ्या घालून मारला. त्याच वर्षीचं दालीचं 'सॉफ्ट कन्स्ट्रक्शन विथ बॉइल्ड बीन्स' पाहा: स्वतःचेच अवयव ओरबाडणारा महाकाय देह. चित्र विलक्षण आहे. युद्धविरोधी म्हणून ते दाखवलंही जातं. पण त्यात युद्ध भूकंपासारखं आपोआप येतं, मारणारा कोण हे चित्र विचारतच नाही. याच यादवीतल्या बॉम्बहल्ल्यावरच्या पिकासोच्या 'गेर्निका'मागे मात्र बॉम्ब कुणी टाकले याची जाण आणि चीड आहे.

हुकूमशाहीत जगायचं तर चित्रकाराने काय करावं, असा प्रश्न रास्त आहे. पण खोआन मिरोही फ्रँकोच्या स्पेनमध्येच राहिला आणि राजवटीपासून दूर राहून काम करत राहिला. दाली १९४८ साली परतला, १९५६ मध्ये फ्रँकोला भेटला आणि त्याची स्तुती करत राहिला. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकोने पाच जणांना गोळ्या घालून देहदंड दिला. युरोपभर निषेध उसळला असताना, दालीने त्या शिक्षांचं जाहीर समर्थन केलं. इथे स्वप्नाचा आडोसा उरत नाही. बंदुका खऱ्या होत्या, आणि लोर्काला मारणाऱ्यांच्याच परंपरेतल्या होत्या.

दालीची चित्रं भिंतीवरून उतरवावीत असं मी म्हणणार नाही. ती पाहिलीच पाहिजेत. पण संग्रहालयांनी चित्राशेजारच्या पाटीवर त्याच्या जन्ममृत्यूच्या सालांबरोबर १९७५ सालही नोंदवावं.