काळ्या पडद्यावरचा व्हिम

दूरच्या सर्व्हरवर लॉग-इन केलं की समोर उरतो तो काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. माउस नाही, मेनू नाही. अशा वेळी सेटिंगच्या फाइलमधली 120वी ओळ बदलायची असेल, तर जाणकार व्हिम हा टेक्स्ट एडिटर वापरतो: 'व्हिम +120' आणि पुढे फाइलचं नाव टाइप करतो. फाइल उघडते ती थेट त्याच ओळीवर. तिथे अवतरणचिन्हांत जुना पत्ता आहे. सी, आय आणि अवतरणचिन्ह या कळा ओळीने दाबल्या की चिन्हं जागच्या जागी राहतात, आतला मजकूर जातो, नवा पत्ता लिहिता येतो. हाच बदल आणखी दहा ठिकाणी करायचा असेल तर प्रत्येक ठिकाणी जाऊन फक्त टिंबाची कळ दाबायची.

नवखा माणूस मात्र इथे बावचळतो. व्हिम उघडतो 'नॉर्मल' अवस्थेत, आणि त्या अवस्थेत प्रत्येक कळ म्हणजे एक आज्ञा. लिहायचं तर आधी आय दाबायचा, लिहून झालं की एस्केप. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा प्रश्न 2017 सालापर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता! उत्तर सोपं आहे: एस्केप, कोलन, क्यू, एंटर. केलेले बदल सोडून द्यायचे असतील तर क्यूच्या पुढे उद्गारचिन्ह.

व्हिममध्ये कर्सर हलवण्यासाठी एच, जे, के, एल याच कळा का? बिल जॉय यांनी 1976 मध्ये बर्कलीत व्हिमचा पूर्वज असलेला 'व्हीआय' हा एडिटर लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोरच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. मोडेम संथ, म्हणून आज्ञाही एक-दोन अक्षरांच्या. पुढे नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनार यांनी अमिगा संगणकावर त्याच धर्तीचा व्हिम घडवला आणि 1991 मध्ये लोकांसाठी खुला केला. व्हिम फुकट आहे. आवडला तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांना मदत करा, एवढंच मूलेनार सांगत. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

व्हिमची खरी गंमत 'व्हिमआरसी' या फाइलमध्ये आहे. ही साधी मजकुराची फाइल होम डिरेक्टरीत असते आणि व्हिम सुरू होताना ती वाचतो. 'सेट नंबर' लिहिलं की ओळींना क्रमांक दिसतात. बोट एस्केपपर्यंत न्यायचा कंटाळा असेल तर जे आणि के लागोपाठ दाबून तेच काम होईल, अशी सोय एका ओळीत करता येते. इंटरनेटवर इतरांच्या शेकडो ओळींच्या व्हिमआरसी मिळतात. त्या आयत्या उचलू नयेत. काही बिघडलं तर कोणत्या ओळीमुळे, हे कळत नाही. अडचण आली की त्यापुरती एक ओळ घालावी, म्हणजे प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते ठाऊक असतं.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर ठेवला तर 'नॉर्मल' अवस्थेत आज्ञांऐवजी देवनागरी अक्षरं पोचतात आणि व्हिम ढिम्म राहतो. त्यावर व्हिममध्येच 'कीमॅप'ची सोय आहे. कोणत्या कळेला कोणतं अक्षर, याची यादी स्वतः फाइलमध्ये लिहायची. लिहिताना देवनागरी उमटते आणि एस्केप दाबताच कळा पुन्हा इंग्रजी आज्ञा होतात. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं पडद्यावर फुटलेली दिसतात, पण फाइलमधला युनिकोड मजकूर शाबूत राहतो.