आईला केंद्रात ठेवलं म्हणजे सेवा संपली?

वरवट बकालसारख्या गावातून कुणी स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या आईला पुण्या-मुंबईच्या संगोपन केंद्रात ठेवून आलं, की चार दिवसांत गावभर एकच वाक्य फिरतं: ‘बुढीले टाकून आला.’ ज्या सुनेनं कित्येक रात्री जागून काढल्या, तिलाही हेच ऐकावं लागतं.

स्मृतिभ्रंश हा शहरातला आजार, गावात असतो तो नुसता म्हातारचळ, असं अजून मानलं जातं. देशव्यापी पाहणीवर आधारलेला २०२३ सालचा अंदाज वेगळं सांगतो. साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार आहे. ग्रामीण भागात प्रमाण ८.४ टक्के, शहरात ५.३. संशय घेणं, चिडणं, रात्री उठून वावराकडे चालू लागणं ही मेंदूच्या बिघाडाची लक्षणं आहेत. अशा माणसाला चोवीस तास डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं, आणि एका घराला ते कायम झेपेलच असं नाही.

‘टाकणं’ कशाला म्हणायचं हे कायद्यानं सांगितलं आहे. ज्येष्ठांना पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूनं कुठेतरी ठेवलं, तर २००७ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. औषधपाणी होईल, लक्ष राहील अशी जागा शोधून, खर्च उचलून, नातं राखणं हा गुन्हा नाही.

सगळ्यात खोल रुजलेला समज म्हणजे, ‘ठेवलं ना, आता सुटला तुम्ही.’ अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण केंद्रात गेल्यावरही काळजीवाहकांचं नैराश्य आणि चिंता कमी झाली नव्हती. जवळपास निम्मे जण रोज भेटायला जात आणि तिथेही हातानं सेवा करत. काळजीवाहक नवरा किंवा बायको असेल, तर मनाचा त्रास अधिक. वरवट बकालहून पुण्याला रोज कोण जाणार? इथल्या माणसाला तर अपराधीपणाची बोच आणि अंतर दोन्ही सोसायचं आहे. अशा वेळी भावंडांनी खर्च, फोन आणि भेटीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. सगळं एकट्या सुनेवर टाकून वर सल्ले देणं मला अन्याय वाटतो.

केंद्रात ठेवल्यावर घरच्यांचं काम बदलतं, थांबत नाही. आजी ‘मले वावरात जायचं हाय’ म्हणाली, तर शहरातल्या मावशींना ते कळेलच असं नाही. तिची बोली, भाकरीची सवय, ती कशानं घाबरते, ‘गजानन विजय’चा कोणता अध्याय तिला पाठ आहे, हे कागदावर लिहून द्या. हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. आणि अनेक साधे वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, तेव्हा आजार लपवून प्रवेश घेऊ नका.

‘ओळखतच नाही, मग जाऊन काय उपयोग?’ असंही म्हटलं जातं. आयोवा विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रफिती दाखवल्या. पाहिलेलं विसरल्यावरही ती भावना त्यांच्या मनात टिकून राहिली. भेट विसरली जाईल, पण भेटीनं आलेलं बरं वाटणं काही काळ राहतं. आजी ‘घरी ने’ म्हणाली, तर वाद न घालता हात धरून घराच्या गोष्टी काढा.

मदत फक्त तज्ज्ञच करू शकतात, हाही समजच. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या प्रकल्पात स्थानिक साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन ८१ कुटुंबांच्या अभ्यासात घरोघरी पाठवलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले: काळजीवाहकांचं मानसिक आरोग्य सुधारलं. आपल्याकडे मनावरच्या ताणासाठी टेली-मानस १४४१६, ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना स्वतःसाठी भेटा.

आणि शेजाऱ्यांनो, अशा घरी जाल तेव्हा ‘का ठेवलं?’ ऐवजी ‘तू कशी आहेस?’ एवढं विचारा.