दुखण्याच्या वेशीवरचा राखणदार

परांडा, भूम, वैराग... माणूस अत्यवस्थ झाला की गाडी बार्शीकडे वळते. दवाखान्यांचं हे गाव मोजदादीतही पुढे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली इथंच सुरू झाली. रोग मोजता येतो, पण दुखणं? आयसीयूत तोंडात व्हेंटिलेटरची नळी असलेल्याला ‘आई गं’सुद्धा म्हणता येत नाही!

तरी मोजता येतं. सिस्टर आधी चेहरा बघतात. कपाळाला आठ्या आहेत? डोळे घट्ट मिटलेत? मग अंगाची हालचाल. मग पेशंटचा हात हलकेच दुमडून बघायचा, तो ताठरतो का? शेवटी श्वास. यंत्राशी जुळतोय की झगडतोय? चार खुणा, प्रत्येकी शून्य ते दोन गुण, जास्तीत जास्त आठ. २००६ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत मुक्या वेदनेला आकडा देते.

आकडा चढला की औषध हवंच. पण मॉर्फिनच्या जातीची औषधं गुंगी आणतात, पोट बांधतात, श्वास मंदावतात. मग त्यांच्या जोडीला काय द्यावं? अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१८ साली सुचवलं: मालिश, संगीत आणि बर्फ!

हसू आलं? मग सांगा, कोपर आपटलं की तुम्ही काय करता? चोळता. का बरं वाटतं? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी उत्तर सुचवलं. मेंदूकडे निघालेल्या वेदनेला आधी मज्जारज्जूत थांबावं लागतं. तिथं जणू गावाची वेस आहे आणि वेशीवर राखणदार. स्पर्शाचा निरोप जाड मज्जातंतूंतून सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो. ठणक्याचा निरोप बारीक तंतूंतून सेकंदाला दोन मीटरसुद्धा गाठत नाही. स्पर्श पोचला, की राखणदार ठणक्याला सहजी आत सोडत नाही.

त्याहून नवल म्हणजे मेंदू वरूनही हुकूम सोडतो. अफूसारखी रसायनं तो स्वतःच बनवतो. मन गुंतलं, भीती ओसरली, की वेदनेची धार बोथट होते. म्हणून संगीत. पण आवड पेशंटची हवी! बार्शीच्या भगवंताच्या देवळातल्या भजनात रमणाऱ्या आजोबांच्या कानाला नातवाचं रॅप लावून कसं चालेल?

आणि बर्फ? ऑपरेशननंतर छातीत ठेवलेली नळी ओढून काढताना जीव कळवळतो. त्याआधी नळीभोवती गॉजमध्ये गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवायचा. थंडीनं तिथले तंतू मंदावतात, निरोपच लंगडा होतो. मालिशही अशीच साधी. पाठ, पाय किंवा नुसते हात, दहा ते तीस मिनिटं.

या उपायांनी औषध सुटत नाही, दुखणं साफ जातही नाही. थोडं हलकं होतं. पण आयसीयूत थोडंही मोठं असतं, आणि खर्च जवळपास शून्य.

तेव्हा भेटीच्या वेळी काचेपाशी नुसते उभे राहू नका. सिस्टरना दोन गोष्टी जरूर सांगा: पेशंट दुखलं की एरवी तोंड कसं करतो आणि त्याला कोणतं गाणं आवडतं. मग विचारा, “हात चोळला तर चालेल का?” त्या हो म्हणाल्या, तर हात धुवा आणि लागा कामाला.