फिरतं घर घेताय? आधी रात्रीचं बोला!

‘एखादी कॅराव्हॅन घेऊन टाकावी यार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. रात्री किती वेळा उठता? माणूस आधी हसतो, मग जरा दचकतो. त्याच्या डोळ्यांसमोर असतो समुद्रकिनारा, गाडीचं उघडं मागचं दार, बाहेर लोंबकळणारे दोन पाय आणि हातात कॉफीचा मग. पण कुठली गाडी आपल्यासाठी, हे त्या फोटोवर ठरत नाही. ते ठरतं रात्री अडीच वाजता.

माझ्या केसमध्ये हा प्रश्न बाबांचा आहे. वय ७२, प्रोस्टेटचा त्रास, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. गेली दोन वर्षं त्यांनी गुहागरला गावी जाणं बंद केलंय. विचारलं तर म्हणतात, ‘आता तिकडे राहिलंय काय?’ खरं कारण वाटेतली टॉयलेट्स आणि गावच्या घरामागचा संडास, आठ पायऱ्या उतरून. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, बोलत कुणी नाही. दुसरीकडे मी आणि बायको, दोघंही आयटीतले, दोघांनाही कॅम्पिंगचा जबरदस्त किडा. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की पवना नाही तर भंडारदरा. त्यामुळे गाडीचा विषय निघाला तेव्हा एकाच बजेटमध्ये दोन स्वप्नं कोंबायची होती. पाच महिने शनिवार-रविवार मी यातच घालवले.

सुरुवात सगळ्यांची होते तशी ईकोपासून झाली. एकेकाळी हा मान ओम्नीचा होता. १९८४ मध्ये आलेली ती चौकोनी डबी २०१९ मध्ये बंद झाली. ईको लांबीला पावणेचार मीटरच्याही आत, म्हणजे कोकणातल्या वाडीत सहज शिरते, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्येही मावते आणि सोमवारी ऑफिसला नेता येते. मागे फळ्यांची खाट, खाली सामानाची खोकी, खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड. दोन तरुण माणसांना आणखी काय लागतं! पण आत उभं राहता येत नाही. पँट बदलायची तर पाठीवर झोपून. बाबांना मी एकदा नुसतं आत बसवून बघितलं. ते काही बोलले नाहीत, उतरताना मात्र माझ्या खांद्यावर पूर्ण भार टाकला. विषय संपला.

मग पिकअपवर किंवा एसयूव्हीवर रूफटॉप टेंट. दिसायला जाम भारी! तंबू छतावर, खाली शिडी. पण असा तंबू साधारण ५० ते ७० किलोंचा असतो. आपल्या गाडीचं छत चालत्या स्थितीत किती वजन पेलतं, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तो आपण कधीच वाचलेला नसतो. उभ्या गाडीवर दोन माणसं झोपली तर चालतं, पण घाटातल्या वळणांवर तेवढंही वजन डोक्यावर घेऊन पळणं ही वेगळी गोष्ट. शिवाय मॉलच्या बेसमेंटची उंचीची दांडी आठवा. आणि रात्री अडीचला शिडी? (जाता जाता, महिंद्रा बोलेरो कॅम्पर या नावावर जाऊ नका. ती डबल केबिनची मालवाहू पिकअप आहे. तिच्यात कॅम्प फक्त नावापुरता.)

मागे ओढायची ट्रेलर कॅराव्हॅन मी अर्ध्या तासात बाद केली. घाटात समोरून एसटी आली आणि ट्रेलरसकट रिव्हर्स घ्यायची वेळ आली, एवढी कल्पना पुरेशी होती.

उरली टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीची मोठी गाडी. आपल्याकडच्या बहुतेक भाड्याच्या कॅराव्हॅन हिच्याच सांगाड्यावर उभ्या असतात, कारण उंच छत, सगळीकडे मिळणारे पार्ट्स आणि प्रत्येक तालुक्यात तिचा मेकॅनिक. उभं राहता येतं, टॉयलेट बसवता येतं. लायसन्सचं टेन्शनही फारसं नाही. एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर लाइट मोटर व्हेइकलचं लायसन्स चालतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हे व्यावसायिक वाहनांपुरतंही स्पष्ट केलंय. तरी पहिल्यांदा चालवणार असाल तर एक सकाळ मोकळ्या मैदानात काढा. मागच्या चाकांच्याही मागे गाडीचा केवढा भाग असतो, हे फाटकाचा खांब घासल्यावर कळण्यात मजा नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा माझा एक फंडा वापरा. गादी किती मऊ, टीव्ही किती इंची, हे सगळं नंतर. आधी टॉयलेटमध्ये जा, दार लावून घ्या आणि कमोडवर बसा. गुडघे दाराला लागतात का? उठताना धरायला दांडा आहे का, आणि तो नुसत्या प्लायवूडला स्क्रू मारून लावलाय की आतल्या लोखंडाला? गाडी थोडी तिरकी उभी असेल तर दार आपोआप उघडतं का? मी बघितलेल्या एका भाड्याच्या गाडीत दांडा माझ्या हातातच आला. मालक म्हणाला, ‘सर, तो टॉवेलसाठी आहे.’ चढायची पहिली पायरीही मोजून घ्या. रस्त्यापासून दीड फूट उंच पायरी तुम्हाला-मला काहीच नाही. गुडघे धरलेल्या माणसाला ती भिंत असते. बाहेर टाकायचं एक भक्कम स्टूल सोबत हवंच.

आणि टॉयलेट म्हणजे नेमकं कुठलं, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी कॅसेट टॉयलेट असतं, म्हणजे खाली काढता येणारी साधारण १८-२० लिटरची टाकी. दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. परदेशात ती रिकामी करायला ठिकठिकाणी डम्प स्टेशन्स असतात. आपल्याकडे ती सोय क्वचित, त्यामुळे टाकी शेवटी कुणाच्या तरी संडासातच रिकामी करायची आणि ती तुम्हीच करायची. झाडाखाली, ओढ्यात, कुणाच्या बागेत नाही! यजमानांकडे सेप्टिक टँक असेल तर जहाल केमिकलऐवजी एन्झाइमवालं द्रव्य वापरा, नाहीतर तुमच्या दोन रात्रींच्या सहलीनं त्यांच्या टाकीतले काम करणारे जिवाणू मरतील. बाबांसाठी हे काम करायला मला लाज वाटत नाही. त्यांना मात्र वाटते, आणि सगळ्या आखणीत अवघड असं काही असेल तर ते हेच आहे.

आता पाणी आणि वीज. इथे सेल्समन जोरात असतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५० लिटरची टाकी भरली तर दोन धडधाकट माणसांचं वजन वाढलं, तेही गाडीच्या एका कोपऱ्यात. पुण्याहून कुंभार्लीमार्गे जाताना मी टाकी पाव भरणार आणि घाट उतरल्यावर चिपळूणला पूर्ण करणार. विजेचा हिशोबही सोपा आहे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२०० वॉट-अवर. वीस वॉटचे दोन पंखे रात्रभर, दिवे, चार मोबाइल, हे सगळं मिळून पाचशेच्या आत बसतं. छोटा फ्रिज दिवसभरात तेवढेच घेतो. एसी? हजार वॉटचा एसी ती बॅटरी तासाभरात संपवेल. म्हणजे ‘फुल एसी कॅराव्हॅन’ याचा अर्थ रात्रभर जनरेटर, किंवा यजमानांच्या घरातून ओढलेली वायर. वायर ओढणार असाल तर सोळा अँपिअरचा प्लग, जाड वायर आणि तिथलं अर्थिंग तपासायचा छोटा टेस्टर सोबत ठेवा. कोकणात डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर एसी सोडून द्या, मच्छरदाणीवर खर्च करा. आणि बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणं किंवा आत शेगडी पेटवणं हे कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खरं तर हे सगळं शिकायला यूट्यूबपेक्षा आपली वारी चांगली. आषाढीला दिंडीबरोबर जाणारा ट्रक एकदा नीट बघा. राहुट्या कुठे, पातेली कुठे, गॅस कुठे, पाण्याचा टँकर मुक्कामाला आधी कधी पोचतो, सगळं पाठ. आज इथे तर उद्या तिथे, शेकडो माणसं. त्यातल्या एका ट्रकवाल्या काकांनी मला सांगितलं, जी वस्तू आधी लागते ती शेवटी भरायची. अख्ख्या पाच महिन्यांत मला मिळालेला हा सर्वात उपयोगी सल्ला.

कायद्याकडे मात्र कानाडोळा नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आसनक्षमता आरसीवर छापलेली असते. म्हणजे सीट्स काढून, छत कापून घरबसल्या कॅराव्हॅन करणाऱ्यांनी आधी आरटीओत चौकशी करावी. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच बघेल. कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. तयार गाडी घेताना तिची नोंदणी त्या प्रकारात आहे का, ते विचारा. ईकोवाल्यांनी सीट न काढता बसणारी, उचलून बाहेर ठेवता येणारी खाट करावी. भाड्यानं घेताना काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतील तरच ती कायदेशीर सेल्फ-ड्राइव्ह. आणि ‘आठ जणांची झोपायची सोय’ असेल तरी सीटबेल्ट मोजा. चालत्या गाडीत बेडवर कुणी नाही, बाबासुद्धा नाहीत.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, केरळनंही त्याच वर्षी. कागदावर छान आहे. पण आजही मुक्कामाची जागा तुम्हालाच फोन करून ठरवावी लागते, आणि माझा अनुभव असा, की बीचपेक्षा होमस्टेचं अंगण कधीही बरं. वाळूत अडकलेली तीन टनांची गाडी भरतीआधी बाहेर काढणं ही करमणूक बघणाऱ्यांची असते.

तर आम्ही काय केलं? विकत घेतली जुनी ईको, आमच्या दोघांसाठी. मोठी गाडी वर्षातून दोन-तीनदाच लागणार. तिचे हप्ते, विमा आणि पुण्यात ती उभी करायची जागा, हा हिशोब कुठल्याही एक्सेल शीटमध्ये बसेना. ती भाड्यानं. आमचा एक मित्र म्हणाला, ‘स्वतःची असण्यात मजा वेगळीच.’ असेल. त्याची वर्षातले तीनशे दिवस ताडपत्रीखाली असते.

डिसेंबरचे चार दिवस बुक केलेत. मुक्काम गावच्या घरासमोरच, खळ्यात. काका-काकूंकडे जेवण, झोप गाडीत, दांडा तपासलेला. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा त्यांनी परस्पर काकांना फोन करून फाटकाची रुंदी मोजायला सांगितली. आरसे मिटले तर गाडी जेमतेम जाते. काका म्हणाले, नाही गेली तर गडग्याचे चार चिरे काढू.